दखलीचं गुऱ्हाळ

फार दूर, म्हणजे कुणाला राग येणार नाही इतक्या दूर, एक जंगल होतं. जंगलात एक गुऱ्हाळ होतं आणि तिथली काकवी बिळाबिळात, घरट्याघरट्यात जायची. एरवी तिथं कुणाचं कुणाशी पटत नसे, पण काकवी सगळ्यांना लागायची.

गुऱ्हाळाची रीत साधी होती, ज्याचं काम त्याच्या हाताशी. रसाच्या टाकीवर कासवे मामा बसत. रस खुणेच्या वर गेला की झडप लावायची, खाली गेला की उघडायची, एवढा एकच नियम मामांना ठाऊक होता आणि तो त्यांना चाळीस वर्षं पुरला होता. काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, होती साळूताई सायाळ. तिचाही नियम एकच: उकळत्या रसाचा फेस काहिलीच्या काळ्या रेघेला टेकला की चुलाणातली जळती चिपाडं बाहेर ओढायची. विचारायचं कुणाला? कुणालाच नाही. फेस तरी कुठं विचारून वर येतो? शिवाय प्रत्येक जागेला जोडीदार असे. साळूताईला शिंक आली तर तिची थोरली जाऊ सगुणा तयारच.

टेकडीवर घुबडे आजोबा बसत. सगळ्या जागांवरच्या वेली त्यांच्यापर्यंत गेलेल्या. कुठं काही रेघेबाहेर गेलं की वेल हलायची, आजोबांपाशी घंटा वाजायची आणि त्या जागेची लाल पाटी खाली पडायची. मग आजोबा एक दांडी ओढत. दांडीवर लिहिलं होतं, 'दखल घेतली'. ती ओढली की घंटा गप्प व्हायची, एवढ्यासाठीच की आजोबांना नीट विचार करता यावा. लाल पाटी मात्र खालचं काम निस्तरेपर्यंत तशीच राहायची. आजोबा ठरवत ते एवढंच की आज काकवी पातळ हवी की घट्ट, म्हणजे काळी रेघ कुठं मारायची. बाकीचं खालचे बघून घेत.

मग निवडणूक झाली आणि गवाजीराव गवा निवडून आले. त्यांची घोषणा होती, "एक वन, एक खूर!" तिचा अर्थ कुणालाच कळला नाही, त्यामुळे विरोधही कुणाला करता आला नाही.

आठवड्याभरात गवाजीराव गुऱ्हाळाच्या पाहणीला आले. सोबत सचिव मुंगसे होते. जातीनं मुंगूस, स्वभावानं सचिव. नेमकी तेव्हाच साळूताईनं चिपाडं ओढली.

"ही कुणाच्या आदेशानं ओढलीस?"

"फेसाच्या, साहेब."

"फेस कोणत्या पक्षाचा?"

"ते नाही ठाऊक. तो नुसता वर येतो."

"मग आपलाच असणार," गवाजीराव म्हणाले, पण त्यांचं मन काही लागेना. परतताना ते मुंगसेंना हळूच म्हणाले, "इथं सगळं आपापलं चालतंय हो. मग आम्ही निवडून कशाला आलो?" बिचाऱ्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. सगळ्या झडपा, सगळी चिपाडं वेलींनी बांधून वेलींची टोकं राजवाड्यात आणावीत. खालच्यांनी फक्त कळवावं, ओढायचं काय ते साहेब ओढतील. जो स्वतः हात लावेल त्याची बदली नदीपल्याड, जिथं ऊस नाही आणि काकवीही नाही. एका कामाला दोघं म्हणजे उधळपट्टी, म्हणून जोडीदारांना घोषणा खात्यात पाठवलं. सगुणा रोज सकाळी एक तास "एक वन, एक खूर" ओरडू लागली. घुबडे आजोबांना शाल-श्रीफळ मिळालं.

राजवाड्यात त्रेचाळीस वेली आल्या, म्हणजे टेकडीवरची दांडी, लाल पाट्या आणि त्रेचाळीस घंटाही आल्या. पहिल्याच दिवशी त्या अशा काही वाजू लागल्या की साहेबांनी टाकीची वेल समजून काहिलीची ओढली, काहिलीची समजून टाकीची ओढली आणि शेवटी कान झाकून घेतले. तेव्हा मुंगसेंनी आजोबांची दांडी दाखवली.

"ही ओढली की घंटा थांबते, साहेब."

"म्हणजे काम झालं?"

मुंगसेंनी लाल पाटीकडे पाहिलं. मुंगसेंनाही मुलंबाळं होती. "घंटा थांबते, साहेब," ते पुन्हा म्हणाले.

झालं. साहेबांना दांडीचा नादच लागला. संध्याकाळी दवंडी पिटली: आज साहेबांनी दोनशे सोळा गोष्टींची दखल घेतली. पूर्वीच्या राजवटीत दिवसाला चारसुद्धा होत नसत. जंगलानं टाळ्या वाजवल्या. लाल रंगानं साहेबांचं डोकं उठायचं, म्हणून पाट्या उलट्या करून भिंतीला लावल्या.

इकडे साळूताईचा जीव टांगणीला लागला होता. काहिलीच्या खालीच उतार आणि उताराच्या पायथ्याशी ससेवाडी. तिची दोन्ही पिल्लं दिवसभर तिथं सशांच्या पोरांत खेळत. फेस रेघेला टेकला की ती वर कळवायची, "काहील उतू जातेय." उत्तर यायचं, "दखल घेतली." चिपाडं हलायची ती कधी तासानं, कधी नाहीच. दोनदा उकळता रस काठावरून सांडून अर्ध्या उतारापर्यंत गेला. तिसऱ्यांदा तो कुठवर जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. पण हात लावला तर नदीपल्याड, आणि मग पिल्लांना खायला काय घालायचं? ती रोज घरी जाऊन रडायची आणि रोज सकाळी पुन्हा वेल हलवायची.

शंभर दिवस भरले तेव्हा 'दखल दिन' साजरा करायचं ठरलं. राजवाड्यापुढं भली मोठी कमान उभी राहिली, पण सजवायला वेली कमी पडल्या. दारातच एक जाडजूड जुडी आयती लटकत होती. घोषणा खात्यातल्या मंडळींनी ती कापली आणि कमानीला गुंडाळली. कोयता सगुणाच्या हातात होता. नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" दहा वर्षं काहिलीवर काढलेली बाई ती, तिला कळत नव्हतं म्हणे.

दुपारी भाषण रंगलं. "बंधू-भगिनींनो, हे सरकार ऐकणारं सरकार आहे," गवाजीराव म्हणाले, "आणि ऐका, आज एकही घंटा वाजत नाही!" खरोखरच वाजत नव्हती.

त्याच वेळी काहिलीत फेस रेघेला टेकला. साळूताईनं वेल हलवली. वेल सैल, वरून काहीच नाही, 'दखल घेतली'सुद्धा नाही. फेस रेघ ओलांडून काठाशी आला. खालून पोरांचा खिदळण्याचा आवाज येत होता, त्यात तिला आपल्या धाकट्याचा आवाज ओळखू आला. मग तिनं विचार केला नाही. नाहीतरी पूर्वी कुठं करत होती? तिनं गाठ कुरतडली आणि चिपाडं खसकन बाहेर ओढली. पलीकडे कासवे मामांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टाकीची झडप लावली. फेस बसला. साळूताई तिथंच फतकल मारून बसली आणि हसत सुटली, डोळे पुसत.

त्या दिवसाची काकवी इतकी चांगली झाली की राजवाड्यातही दोनदा मागवली गेली.

चौथ्या दिवशी मुंगसे नोटीस घेऊन आले. "साळूताई, तुम्ही चुलाणाच्या कामात दखल दिलीत, असा आरोप आहे."

"साहेब, दखल घेणारे वर पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "खाली एखादीनं दिली तर कुठं बिघडलं?"

मुंगसेंनी उताराखालच्या ससेवाडीकडे पाहिलं. मग नोटिशीवर 'दखल घेतली' असा शेरा मारला आणि ती घडी करून खिशात टाकली. शेऱ्याचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता.

तेव्हापासून गवाजीराव रोज सकाळी त्रेचाळीस वेली मन लावून ओढतात. वेली कमानीपर्यंत जातात, कमान डुलते आणि प्रजेला ती आपल्याला हात करतेय असं वाटतं. खाली ज्याचं त्याचं काम जो तो करतो. सगुणा घोषणा सकाळीच उरकते आणि दुपारी काहिलीवर येऊन बसते. काकवी वेळेवर मिळते आणि तिचं श्रेय साहेबांना जातं.

यंदा पुन्हा निवडणूक झाली. साळूताईनं पिल्लांना सोबत घेऊन, रांगेत उभं राहून गवाजीरावांना मत दिलं. विरोधी पक्षाचा जाहीरनामा तिनं नीट वाचला होता. त्यातलं पहिलंच वचन होतं की तुटलेल्या वेली आम्ही जोडू.