घरच्यासारखं जेवण

घरी भाकरी-भाजी रोजचीच, म्हणून नाशिकला गेलं की हॉटेलातली झणझणीत शेवभाजी खायची मला भारी हौस. त्या दिवशी शेवभाजी पुढ्यात आली आणि आमची लहानगी ओवी भुकेने रडायला लागली. तिचा ताप नुकता उतरलेला, म्हणून मी घरून मऊ भात नेला होता. डबा उघडते तोच मालक गरजले, "बाहेरचं खाणं इथं चालत नाही! दारावरची पाटी वाचली नाही का? घरच्यासारखं जेवण मिळतं इथं."

आमचे हे कुजबुजले, "झाक गं डबा."

पोर उपाशी राहणार हे दिसत होतं. तरी डबा झाकला आणि म्हटलं, "बरं दादा, तुमचा वरणभात द्या. पण आमच्या घरी जेवण देणाराच लेकराला काऊचा घास, चिऊचा घास म्हणत भरवतो. बसा."

सगळी टेबलं बघायला लागली. मालक वरणभात घेऊन ऐटीत बसले. "हा घे काऊचा!"

ओवीने तो घास त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर फुर्रकन उडवला. सगळं हॉटेल हसलं.

सदरा पुसत मालक म्हणाले, "ताई, उघडा तुमचा डबा. शेवभाजीही गरम करून आणतो."

ओवीने माझ्या हातून पहिला घास खाल्ला, तसे गल्ल्यावरून मालकच ओरडले, "आता चिऊचा!"