आडव्या वहाणा

“मग कुलूप कुठलं कच्चं राहिलं, बाबा? मला अजून उमगत नाही,” उपासनी सर म्हणाले.

भिकनबाबा चिंच फोडून चिंचोके वेगळे करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

उपासनी सर संख्याशास्त्राचे डॉक्टर. वय बहात्तर. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी ते गिरणा नदीकाठच्या या खोपीत येत आणि बाबांचं बोलणं फोनमध्ये टिपून ठेवत. बाबा त्यांना मास्तर म्हणत. पहिलं वर्षभर सरांना ते जरा लागायचं.

खोपीला दार नव्हतं. कुणाला मनातलं सांगायचं असलं की तो आपल्या वहाणा पायरीवर आडव्या ठेवून आत येई. त्या दिसल्या की माणसं चिंचेच्या झाडापासूनच मागं फिरत. बाबांच्या गुरूंच्या वेळेपासूनची ही रीत. ती कुणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

“सगुणाचा कैलास घरी जेवत नाही,” सर म्हणाले. “पंधरा दिवस झाले.”

“ठाऊक आहे.”

सगुणा बाजारपेठेत ब्लाउज शिवते. दिवाळीच्या आधी येऊन तिनं बाबांना सांगितलं होतं, की कैलास तिच्या पोटचा नाही. बारा दिवसांचा असताना तिनं त्याला पदरात घेतला. आता तो तिशीला आला. त्याला सांगावं की नको, एवढंच तिला विचारायचं होतं. त्या वेळी सर उठून बाहेर जायला निघाले, तर तीच म्हणाली, मास्तर बसले तरी चालेल, ते शिकलेले आहेत.

सर बसले. खिशातला फोन टिपतच राहिला.

कैलासनं ते सगळं चहाच्या टपरीवर ऐकलं. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, आईच्या आवाजात.

“पासवर्ड सोळा अक्षरी होता,” सर घाईघाईनं सांगू लागले. तो सर दर महिन्याला बदलत. कुणी परक्या यंत्रावरून उघडायला गेलं तर सरांच्याच फोनवर आकडा येई, तो घातल्याशिवाय काही हलत नसे. सगळं क्लाउडवर ठेवलेलं. उद्या घर जळालं तरी बाबांचा शब्द जळणार नाही, अशी व्यवस्था.

“लई बंदोबस्त,” बाबा म्हणाले. “एवढा तर सावकाराच्या तिजोरीला नसतो. मग चोर आला कुठनं?”



“चोर आला नाही,” सर म्हणाले.

मग एकेक निघालं. गुढीपाडव्याला सरांनी नेटवरच्या आपल्या पानावर एक फोटो टाकला होता. बाबांच्या पायाशी बसलेले सर. खाली लिहिलं होतं, बाबांची वचने, सर्वांसाठी खुली. आणि त्याखाली लिंक. ती दाबली की त्रेचाळीस ध्वनिफितींची अख्खी फाइल उघडे, पासवर्ड न विचारता. तशी खूण सरांनीच केली होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस त्यांनी आधी ऐकल्या नव्हत्या. ज्यांत स्वतःचा प्रश्न चांगला जमला होता, तेवढ्याच ऐकल्या होत्या.

“लोक काय म्हणाले?”

“चारशे अकरा जणांना आवडलं.”

“मोजलंस?”

“...हो.”

आता काढून टाकलंय, सर पुटपुटले. पण तोवर लोकांनी उतरवून घेतलं होतं.

बाबांच्या बोटांना चिंचेचा गर चिकटला होता. ते तो धोतराला पुसत राहिले.

“बाबा, एक करा.” सरांचा आवाज बारीक झाला. “सगुणाला सांगा, की कुणीतरी कुलूप फोडलं. हल्ली मोठमोठ्यांचंही फुटतं. तुमचं ती ऐकेल.”

“बघू. आधी तू मला एक सांग. ज्याची तुला जन्मात सगळ्यांत जास्त लाज वाटली, असं काही. याच्या आधीचं. कुणालाच न सांगितलेलं.”

सरांचं तसं एक होतं. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी एका विद्यार्थिनीची चार वर्षांची मेहनत स्वतःच्या नावावर छापली होती. त्यावरच पुढची बढती मिळाली. बायको वारली, तिलाही ते कधी कळलं नाही.

त्यांनी तोंड उघडलं. बाहेर चिंचेखाली दोन बायका सरपणाच्या मोळ्या उतरवून खोपीकडेच येत होत्या, पाणी मागायला.

सरांनी तोंड मिटलं आणि ते उठले. पायरीशी सरळ काढलेल्या वहाणा त्यांनी उचलल्या आणि आडव्या ठेवल्या. बायका थबकल्या, मागं वळल्या. सर आत आले, परत बाहेर गेले. खिशातला फोन काढून बंद केला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून तो लांब कुंपणापाशी नेऊन एका दगडाखाली ठेवला.

मग गुडघ्यांवर हात टेकत ते बाबांपुढे बसले.

“सांगतो,” ते म्हणाले.

बाबा पायरीकडे बघत होते.

“सगुणानंही अशाच ठेवल्या होत्या, मास्तर.”