राणीचा पाय आणि केरोजीचे हात

घाटमाथ्यावर पूर्वी एक लहानसे संस्थान होते. तिथे हंसाबाई नावाची राणी राज्य करीत असे. तिचा दरबार राजवाड्यात कमी आणि घोड्यावर जास्त भरायचा. कुणाच्या बांधाची तक्रार आली की राणी त्या बांधावर जाऊन उभी राहायची. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी निवाडा देणार नाही," असे ती म्हणे, आणि तसे वागेही.

एकदा उतारावर तिच्या घोड्याचा पाय निसटला. घोडा सावरला, पण राणी दगडांवर आपटली. तिच्या मांडीचे हाड मोडले.

त्याच संस्थानात केरोजी नावाचा हाडवैद्य होता. त्याला बोलावणे गेले. त्याने हाड ओढून जागेवर बसवले, बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि राणीला निजवून ठेवले. पुढे वेळ भरल्यावर कामट्या सोडल्या. हाड सरळ जुळले होते. वरून बोट फिरवले तर मोडले होते कुठे, हे कळू नये इतके सरळ.

सगळ्यांनी केरोजीची वाहवा केली. आता राणीसाहेब चालणार, असे जो तो म्हणू लागला. पण राणी चालली नाही.

निजून निजून तिचा पाय बारीक झाला होता. जमिनीवर टेकवला की गुडघा थरथरायचा आणि मांडीत कळ यायची. राणीला वाटायचे, हाड पुन्हा मोडणार. ती मटकन पलंगावर बसायची. भरधाव घोड्याला न घाबरणारी बाई स्वतःच्या पायाला घाबरू लागली.

केरोजीला हे नवे नव्हते. हाड जुळले म्हणजे आपले काम झाले, रोग्याचे काम आता सुरू होते, हे तो पक्के जाणून होता. सुतार असो की गुराखी, कामट्या सुटल्या की तो त्याला उभा करायचा. रोगी ओरडायचा, शिव्या घालायचा. केरोजी शांतपणे म्हणायचा, "घाल शिव्या, पण उभ्यानं घाल."

राणीलाही त्याने एकदा तसे उभे केले. पाय लटपटला. राणीच्या डोळ्यांत पाणी आले. दिवाण रंगराव तिथेच होते. ते कडाडले, "वैद्यबुवा, राणीसाहेबांना यातना देण्यासाठी तुम्हाला इथं आणलेलं नाही!"

केरोजीने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तो कोमट तेलाची वाटी घेऊन आला आणि राणीचा पाय हलक्या हाताने चोळू लागला.

राणीला फार बरे वाटले. कळ थांबली. ती म्हणाली, "केरोजी, तुमच्या हातांत जादू आहे."

हे शब्द केरोजीला गोड लागले. मग सकाळ-संध्याकाळ तेल सुरू झाले. चोळले की राणीला आराम पडायचा, आणि चोळणे थांबले की पाय पुन्हा आखडायचा. मग पुन्हा केरोजीला बोलावणे. त्याला राजवाड्यातच दोन खोल्या मिळाल्या. राणी पालखीतून देवळात निघाली की पालखीच्या शेजारी केरोजीला मान असे. लोक त्याला वाकून नमस्कार करू लागले.

राणीचा पाय मात्र दिवसेंदिवस बारीकच होत गेला. केरोजीच्या हातांना ते रोज कळत होते. मनात म्हणायचा, उद्या सांगू. उद्या आला की तेल कोमट करायला घ्यायचा.

असा पावसाळा गेला. त्या पावसात डोंगरावर दरड कोसळली आणि एका झऱ्याची वाट बदलली. त्या झऱ्यावर दोन वाड्या जगत होत्या, वरची आणि खालची. दोन्ही वाड्यांत पाण्यावरून भांडण पेटले. दिवाणांनी राजवाड्यात बसून हुकूम काढला, की पाणी जुन्या पाटावर निम्मे-निम्मे वाटून घ्यावे. पण जुन्या पाटात आता पाणीच येत नव्हते. भांडण लाठ्यांवर आले. दोघांची डोकी फुटली.

तेव्हा वरच्या वाडीतली कोंडाई नावाची म्हातारी डोंगर उतरून राजवाड्यात आली. राणीपुढे हात जोडून म्हणाली, "राणीसाहेब, कागदानं न्हाई व्हायचं हे. तुमी येक डाव वर येऊन बघा."

राणी म्हणाली, "कोंडाई, तुझ्या वाडीला पालखी चढत नाही. घोड्यावर मला बसवत नाही. मी येऊ कशी?"

"मग पाय बरा झाल्यावर या. आमी थांबतो."

"ते केरोजींना विचार."

कोंडाई केरोजीकडे वळली. तिने त्याला ओळखले. तिचा चेहरा खुलला. "वैद्यबाबा, तुमीच का! आमच्या घरधन्याचा पाय तुमीच बसवला हुता. लई शिव्या दिल्या त्यानं तुमास्नी. आता गुरं घेऊन माझ्या आधी डोंगर चढतो." मग तिने अगदी भाबडेपणाने विचारले, "राणीसाहेब कधी चालतील, वो?"

दिवाण बघत होते, राणी बघत होती. केरोजी नुसता म्हणाला, "बघू."

कोंडाई डोंगराच्या वाटेला लागली. केरोजी गच्चीवरून तिच्याकडे बघत राहिला. गुराख्याला जे सांगायला आपण कचरलो नाही, ते राणीला सांगायला का कचरलो? त्याने स्वतःला विचारले. राणीची दया आली म्हणून? नाही. दया त्या गुराख्याचीही आली होती. राणी उठून चालू लागली तर आपल्याला कोण विचारणार, ही भीती होती. राणी पायाला घाबरत होती आणि आपण राणीच्या चालण्याला घाबरत होतो, हे त्याला स्वच्छ दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरोजी रिकाम्या हातांनी राणीच्या महालात गेला.

"तेल कुठं आहे?" राणीने विचारले.

"आणलं नाही, राणीसाहेब. आजपासून चोळणं बंद. चोळल्यानं कळ निजते, पण पायात जोर येत नाही. जोर तुम्हीच आणायचा आहे. उठावं लागेल."

राणी संतापली. "इतके दिवस तुम्हीच चोळत होतात ना? तेव्हा का नाही सुचलं?"

"सुचलं होतं. बोलायचं धैर्य झालं नाही. ती चूक माझी."

"मग त्या चुकीसकट घरी जा," राणी म्हणाली.

केरोजी गेला. राजवाड्यातल्या खोल्या सोडून आपल्या जुन्या घरी राहू लागला. त्याला वाईट वाटले, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखेही वाटले.

दिवाणांनी शेजारच्या संस्थानातून एक नामांकित मालिशवाला आणवला. त्याचे हात केरोजीच्या हातांहून मऊ होते आणि तेलाला चंदनाचा वास होता. राणीला आराम पडला. पण केरोजीचे बोलणे काही तिच्या मनातून जाईना. एके दिवशी तिने मालिशवाल्याला विचारले, "मी चालणार कधी?"

तो हसून म्हणाला, "राणीसाहेबांना चालायची गरजच काय? दाराशी पालखी आहे, मी आहे."

राणीने पाय मागे ओढून घेतला. पदर सारखा केला आणि चोपदाराला म्हणाली, "केरोजींना बोलावून आणा."

केरोजी आला. राणी म्हणाली, "मला भीती वाटते. हाड पुन्हा मोडलं तर?"

"हाड पक्कं आहे. मोडणार नाही. पण तुमचा विश्वास माझ्या सांगण्यानं बसायचा नाही. तो पायालाच बसवावा लागेल, थोडा थोडा."

त्याने धान्याची एक उंच पेटी मागवली आणि भिंतीला लावून ठेवली. तिच्यावर राणीला बसवले. उंचावर बसल्यामुळे पाय नुसते टेकले होते. "आता उठा," तो म्हणाला, "आणि पुन्हा बसा. एवढंच."

राणी उठली. पाय थरथरला. तिने केरोजीचा हात धरायला हात पुढे केला. केरोजीचेही हात आपोआप पुढे झाले होते. त्याने ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. उभ्या आयुष्यात त्याला इतके जड काम पडले नव्हते. राणीने भिंत धरली, क्षणभर उभी राहिली आणि पुन्हा बसली. तिच्या कपाळावर घाम होता.

"दुखलं," ती म्हणाली.

"कसं दुखलं? ओझं उचलल्यावर दंड भरून येतो तसं, की सुरी खुपसल्यासारखं?"

राणीने नीट आठवून पाहिले. "भरून आल्यासारखं."

"मग भिऊ नका. हे कामाचं दुखणं आहे. आज दुखेल, निजून उठलात की उतरलेलं असेल. सकाळीही तसंच राहिलं तर समजायचं आपण अति केलं, मग त्या दिवशी कमी करू. सुरीसारखं दुखलं तर मात्र तिथंच थांबायचं आणि मला सांगायचं."

राणीला हे पटले. इतके दिवस दुखणे म्हणजे फक्त दुखणे होते. आता तिला त्यातला फरक कळू लागला, आणि फरक कळला तशी भीती ओसरली.

काही दिवसांनी उंच पेटी जाऊन तिथे बुटकी पेटी आली. पुढे ती जाऊन चौरंग आला. जितके खाली बसायचे तितके उठायला पायाला जास्त जोर लावावा लागे. मग भिंतीच्या आधाराने पावले, मग काठीच्या आधाराने. जिन्यावर राणी अडखळली तेव्हा केरोजीने समजावले, "चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा पाय आधी." राणी जिना चढताना ते पुटपुटत राही. कधी चिडे. एकदा तर तिने काठी फेकून दिली आणि दिवसभर उठली नाही. केरोजीने काठी उचलून तिच्या हाताशी ठेवली आणि बाहेर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन उठली.

दिवाण रंगराव एकदा केरोजीला म्हणाले, "तुम्ही तर हल्ली काहीच करत नाही. नुसते उभे असता."

"हो," केरोजी म्हणाला. "आणि पुढं पुढं तेही करणार नाही."

तसेच झाले. केरोजी आधी राणीच्या शेजारी उभा राही, मग दाराशी, मग अंगणात. एके दिवशी तो गेला तर राणी महालात नव्हती. काठी टेकत ती एकटीच तबेल्यात घोडे बघायला गेली होती. त्याला बोलवायचे तिला सुचलेही नव्हते. केरोजी रिकाम्या महालात थोडा वेळ उभा राहिला. त्याला आतून चुटपूट लागली. ती त्याने लपवली नाही की वाढवली नाही. मुकाट्याने घरी आला.

हिवाळा सरता सरता राणीने डोंगर चढायचे ठरवले. केरोजी पायथ्यापर्यंत बरोबर गेला. पुढची पायवाट अरुंद आणि दगडांची होती. त्याने विचारले, "मी येऊ का वर?"

राणीने पायवाटेकडे पाहिले. मग त्याच्याकडे. "नको," ती म्हणाली. "तुम्ही असलात की मी तुमच्याकडे बघते. मला वाटेकडे बघायचंय."

केरोजी एका हिरड्याच्या झाडाखाली बसला. राणी चढू लागली. मागून दोन शिपाई होते, पण तिने त्यांनाही अंतर ठेवायला सांगितले होते. ती किंचित लंगडत होती. मधल्या वळणावर तिचा पाय मुरुमावरून घसरला आणि ती एका हातावर पडली. शिपाई धावले. खाली केरोजी ताडकन उठून उभा राहिला.

राणीने हात वर करून शिपायांना थांबवले. गुडघा टेकला, काठी रोवली आणि स्वतःच उभी राहिली. लुगड्याची धूळ झटकून ती पुढे निघाली.

केरोजी पुन्हा खाली बसला.

वर जाऊन राणीने दरड पाहिली, झऱ्याची नवी वाट पाहिली, जुना कोरडा पाट पाहिला. झरा आता ज्या खडकाशी फुटत होता, तिथेच तिने दोन्ही वाड्यांच्या माणसांना बसवले. खूप आरडाओरडा झाला. शेवटी त्या खडकापासून दोन नवे पाट काढायचे ठरले, आणि खणायला दोन्ही वाड्यांच्या माणसांनी मिळून जायचे, असा निवाडा झाला. दोन्ही वाड्यांनी तो मान्य केला, कारण तो डोळ्यांनी बघून दिला होता.

उन्हे कलली तशी राणी खाली आली. चेहरा उन्हाने रापला होता. केरोजी सामोरा गेला. त्याने विचारले, "राणीसाहेब, पाय कसा आहे?"

राणीने क्षणभर थांबून आपल्या पायाकडे पाहिले, आणि ती हसली.

"चढताना दुखत होता," ती म्हणाली. "पण वर गेले तर ही माणसं एकमेकांचे गळे धरायला निघालेली. त्या गडबडीत पायाची आठवणच राहिली नाही."

केरोजीही हसला. असे ऐकायला मिळावे म्हणून त्याने आजवर कितीतरी पाय बसवले होते. त्या संध्याकाळी तो एकटाच, पण अगदी हलक्या मनाने घराकडे चालत गेला.

तात्पर्य: रोग्याची वेदना शमवणे हे वैद्याचे अर्धेच काम आहे. रोग्याला स्वतःचे शरीर स्वतः वापरायला शिकवावे आणि त्याला आपली गरज उरणार नाही इतके बरे करावे, तेव्हा ते काम पुरे होते. ज्याला आपला मान रोग्यापेक्षा प्यारा आहे, त्याच्या हातून हे होत नाही.