कारभाऱ्यांचा पोपट

फार जुनी गोष्ट आहे, झाडांनाही गप्पा मारायला फुरसत होती तेव्हाची. सिंहमहाराजांचे कारभारी होते भालोबा अस्वल. ते सारखे दौऱ्यावर, आणि निरोप मात्र इकडे गुहेशी तुंबलेले. म्हणून त्यांनी ठरवलं, निरोप नेणारा-आणणारा एक पक्षी कायम खांद्यावरच ठेवायचा.

निवडीला आधी होला आला. रंग मातकट, आवाज हळू. "रानडुकराला म्हणावं, तू ठार आळशी आहेस," हा निरोप ऐकून त्यानं विचारलं, "आत्ताच सांगू, की तुमचा राग ओसरल्यावर?"

"फार प्रश्न विचारतो," म्हणून भालोबांनी नाक मुरडलं.

मग पोपट आला. हिरवागार, लालचुटुक चोचीचा. शब्द तोंडातून निघाला की भुर्रकन उडायचा आणि पोच घेऊनच परतायचा. भालोबा खूश!

त्यांची कारकून खारूताई हळूच म्हणाली, "कारभारी, हा पोच आणतो खरा, पण याला पोच आहे का?"

"तुला नव्या गोष्टींतलं काय कळतंय!" म्हणत भालोबा पोपटाला खांद्यावर घेऊन ऐटीत निघाले.

चढणीवर धाप लागली, तसे ते स्वतःशीच पुटपुटले, "गेल्या महिन्यात हाच दौरा केला, तरी पुन्हा पाठवलं. म्हातारा झालाय आपला राजा. काही लक्षात राहत नाही त्याच्या."

खांदा एकदम हलका झाला. "अरे, थांब!" म्हणेपर्यंत पोपट टेकडीपार.

घटकाभरात तो परतला, उत्तरासकट.

"महाराज म्हणाले, खरंय. आजपासून खारूताई कारभारी, हे तुम्हाला कळवायचं विसरणारच होतो."