घरपोच दुकान आणि अभयराजांची शंका

"उद्या बाजार उघडतोय. उद्यापासूनही लोक तुझ्याकडूनच माल मागवतील, हे आज सिद्ध करून दाखव. नाहीतर तुझ्या दुकानात घातलेलं आमचं भांडवल परत!"

अभयराजांनी भर दरबारात असं फर्मावलं आणि चिमाबाई वाणिणीच्या तोंडचं पाणी पळालं. उद्याची गोष्ट आज दाखवायची तरी कशी? साथीच्या रोगानं चार महिने बाजाराला कुलूप होतं. लोक खिडकीतून ओरडून सामान सांगत आणि तिचा हमाल गेनू ते डोक्यावरच्या पाटीतून घरोघर पोचवी. विक्री अशी झाली की विचारू नका! पण महाराजांना ती पुढे टिकेलसं वाटेना. त्यांचं म्हणणं, बुडत्याला काडीचा आधार खरा, पण काठावर आल्यावर ती काडी कुणी घरी नेतो का? आता भांडवल गेलं की दुकान बंद, आणि गेनूची भाकरीही बंद.

गेनू मागेच उभा होता. आपलं डोकं देवानं पाटी ठेवायलाच दिलंय, असं तो गावभर सांगत फिरे. पण आज त्याला राहवेना. तो पुढे झाला.

"महाराज, मी पडलो अडाणी. एक विचारू? महाराज भाजी आणायला बाजारात शेवटचे कधी गेले होते?"

दिवाणजींना ठसका लागला.

"आम्ही कशाला जाऊ?" महाराज म्हणाले. "हवं ते जागेवर येतं."

"पण साथ तर चारच महिन्यांची. त्याआधी महाराजांना कुणी अडवलं होतं?"

"आम्हाला अडवायची कुणाची छाती आहे? सवय आहे आमची!"

"तीच आता रयतेला लागलीय, महाराज. चार महिने सगळे बसल्या जागी राजे झालेत. आमच्या घरचीसुद्धा मलाच 'दारात ठेव नि जा' म्हणते. राजेपण एकदा भोगल्यावर सोडतं कोण? पटत नसेल तर उद्या महाराजांनी पिशवी घेऊन बाजारात जावं. महाराज गेले, तर रयतही जाईल."

महाराज आधी लालबुंद झाले. मग एका हातानं मुकुट सावरत कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण त्यांच्या डोळ्यांपुढे आले, आणि ते हसत हसत लोडावर कलंडले.

"म्हणजे आमचं राजेपण ते काय, तर उठायचा कंटाळा!" डोळे पुसत ते म्हणाले. "चिमाबाई, भांडवल राहू दे, वर तेवढंच आणखी घे. आणि दिवाणजी, या अडाण्याला आमच्या पागेतलं एक तट्टू द्या."

गेनू मुजरा करून लगेच पागेकडे वळला.

"अरे, निघालास कुठे?" महाराज पुन्हा हसू लागले. "घरी जाऊन बस. दारात येईल ते!"