ज्वारीच्या दाण्याएवढं तांबं

"पण चाचा, चीर आतल्या पत्र्यातच संपलीय. मग वेल्डिंगनंतर भांडं तापवायचं कशाला?"

निशिकांत घाणेकर भांड्याच्या पोटात उकिडवा बसून, बाहेर मॅनहोलशी उभ्या चाचांना विचारत होता. खेडजवळच्या एका रसायन कारखान्यातलं ते मोठ्या दाबाचं भांडं. बाहेरून चार बोटं जाड साधं पोलाद, आतून आम्ल सोसायला स्टेनलेसचा पातळ थर. त्या थराला वीतभर चीर गेली होती. सकाळपासून ग्राइंडर चालवून निशिकांतनं ती खरवडून काढली होती.

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. थरामागच्या पोलादाला धक्का लागला नसेल, तर थर भरला की काम संपलं. लागला असेल, तर वेल्डिंगच्या आचेनं ते पोलाद ताठरतं, पोटात ताण धरून बसतं. मग तासन्‌तास तापवून, सावकाश निववून तो ताण काढावा लागतो.

आणि निशिकांतला थांबवत नव्हतं. दुबईहून परतल्यावरचं हे पहिलं मोठं काम. हात नुसते शिवशिवत होते.

याकूब परकार चाचा मॅनहोलमधून आत उतरले. सत्तरीला टेकलेले. निशिकांतच्या हातात वेल्डिंगचा पहिला रॉड त्यांनीच दिला होता.

त्यांनी खरवडलेल्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"ठिणग्या कशा पडत होत्या?"

"आखूड, लालसर. स्टेनलेसच्या पडतात तशा."

"शेवटपर्यंत?"

अगदी शेवटी, एकदाच, ठिणग्या लांब जाऊन फुलल्या होत्या. साध्या पोलादाच्या फुलतात तशा. निशिकांतनं ते पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं ठरवलं होतं.

"...शेवटपर्यंत."

चाचांनी खिशातून एक बाटली काढली. आत मोरचुदाचं निळं पाणी. स्टेनलेसवर ते लावलं तर काही होत नाही. साध्या पोलादावर तांबं चढतं.

कापसाचा बोळा खळग्यावरून फिरला.

स्वच्छ... स्वच्छ... आणि एका कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा, तांबूस ठिपका.

निशिकांतचे कान तापले.

"एकदा फुलल्या होत्या, चाचा. मी पाहिल्या होत्या."

"माहीत आहे. उत्तर द्यायच्या आधी थांबलास तू."

आता काम दुसऱ्याला जाणार, असं तो धरूनच चालला. चाचांनी वेल्डिंगची ढाल उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"बस. भर."

मग निशिकांतला असा चेव आला, की पाठीला रग लागलेली कळली नाही. थरावर थर चढत गेला, मासोळीच्या खवल्यांसारखा एकसारखा. बारीक चिरेतही मुरणारा लाल रंग लावून तपासलं; केसाएवढी रेघ उमटली नाही. भांड्याला हीटरच्या पट्ट्या बांधल्या, वर जाड ब्लँकेटं गुंडाळली. तापमानाचा काटा चढू लागला. तीनशे... पाचशे... सहाशेवीस अंश. तिथं अडीच तास धरायचा होता. निशिकांत तेवढा वेळ काट्यासमोरून हलला नाही. चहा आला, तसाच गार झाला.

"आणखी काय करू, चाचा?"

"काही करू नकोस. तेच काम आहे आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडं सावकाश पुरतं निवल्यावर आणि पुन्हा एकदा रंग लावून पाहिल्यावर, भांड्यात पाणी भरून दाब दिला. रोजच्या दाबाहून कितीतरी जास्त. पंप थांबला. सगळे काट्याकडे बघत उभे राहिले.

दहा मिनिटं... वीस... तीस. काटा जागचा हलला नाही. थेंब नाही.

निशिकांतनं चाचांचे दोन्ही हात धरले. एकीकडे हसत होता, एकीकडे बोलत होता. एखाद्या रिफायनरीचं कामसुद्धा आता एकटा घेतो म्हणाला, याहून जाड भांडं आणा म्हणाला. बोलता बोलता त्यानं दुरुस्तीचा कागद पुढे ओढला, सहीसाठी पेन उघडलं.

चाचांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

"उद्या कर सही," ते म्हणाले. "अजून गरम आहेस."