आगाऊ माणूस

नदीकाठच्या एका गावात 'आगाऊ' हा मानाचा शब्द होता. गावाचं चराईचं गवत सगळं नदीतल्या बेटावर. पावसाळ्यात पाणी चढलं, की एक गडी काठी घेऊन सगळ्यांच्या आधी उतरायचा, पायाने तळ चाचपायचा आणि त्याच्या मागून गाव बेटावर जायचं. आधी जाणारा, म्हणून आगाऊ. लग्नात पहिला टिळा त्याला लागायचा.

पुढे बेटापर्यंत साकव झाला. चांगलंच झालं, बायाबापड्यांचे हाल संपले. आगाऊ म्हातारा झाला, तरी दर पावसाळ्यात दारोदार सांगत फिरे, "पोरांना माझ्याबरोबर पाण्यात पाठवा. वाट ठाऊक असू द्या."

एका घरचा थोराड मुलगा निघालाही होता. त्याच्या आईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "साकव असताना पाण्यात कशाला मरायचंय? फार आगाऊ झालास."

तो शब्द गावाने उचलला. कुणी झाडावर चढलं, बिथरलेल्या बैलापुढे गेलं, की लगेच, "आगाऊपणा नको." पोरं शहाणी झाली. इतकी, की सांगितल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीनात. गावाला त्याचं कौतुकच होतं. मला विचाराल, तर घात तिथेच झाला.

एका श्रावणात साकव वाहून गेला. त्याच बाईची धाकटी लेक शेळ्यांसह बेटावर अडकली आणि पाणी बेट गिळत चाललं. काठावर वीस धट्टेकट्टे गडी नुसते उभे होते.

"जा रे, बहीण आहे तुझी," आई मुलाला म्हणाली.

तो घोटाभर पाण्यात जाऊन थांबला. "कुठून जाऊ, आई? मला वाट ठाऊक नाही."

म्हातारा काठी घेऊन उतरला. "माझ्या खांद्यावर हात ठेव," तो मुलाला म्हणाला. "भीती वाटू दे. पाय मात्र उचलू नकोस, सरकव."

दोघं पोचले. मुलाने बहिणीला पाठीवर घेतलं. परतताना काठ अगदी जवळ आला आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलाने काठीचं टोक घट्ट धरलं, पण दुसऱ्या टोकाला हात राहिला नव्हता.

पाणी ओसरल्यावर त्या आईने मुलाला पुन्हा दंडाला धरलं आणि स्वतः नदीवर आणलं. "आगाऊ हो, बाळा," ती म्हणाली आणि रडली.

आता तो रोज काठीने तळ चाचपतो. कुठे खडक, कुठे डोह, हे सांगणारं कुणी नाही. अर्धी वाटही अजून सापडलेली नाही.

तात्पर्य: सुखाच्या दिवसांत ज्या धाडसाला आपण नावं ठेवतो, त्यालाच संकटात हाका मारतो; पण तोवर ते शिकवणारा निघून गेलेला असतो.